थोरलीच्या अंगावरचे लाल ठिपके

डिप्लोमाला आम्हाला वंगणावर एक धडा होता. पुस्तकाच्या अगदी शेवटी. परीक्षेत त्याच्यावरचा प्रश्न नेहमी ‘किंवा’च्या पलीकडे असायचा, त्यामुळे आमच्या वर्गातल्या एकाही शहाण्याने तो धडा वाचला नाही. गिअरचे दात कसे काढायचे, शाफ्ट किती पीळ सोसतो, हे सगळं आम्ही घोकलं. ते दात आणि तो शाफ्ट रोज फिरत राहावा म्हणून काय करायचं, ते ऑप्शनला टाकलं. तो धडा पुढे मला रबाळ्याला एका माणसाने शिकवला, आणि त्याची फी मी त्याच्याकडूनच वसूल केली. अभिमानाने सांगावं असं यात काही नाही, तरी सांगतो.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होतो. कळंबोलीच्या बाजारातून पत्र्याच्या गुंडाळ्या यायच्या आणि आमच्याकडून डब्यांची झाकणं होऊन बाहेर पडायच्या. पत्रा ठोकणारी एकूण बारा प्रेस मशिनं. अकरा लहान, आणि बारावी दोन पुरुष उंच, दारातून शिरल्या शिरल्या समोर उभी. तिला सगळे थोरली म्हणत. निम्मा माल तिच्यावर निघायचा, त्यामुळे घरातल्या कमावत्या सुनेसारखा तिचा मान होता, म्हणजे तोंडावर कौतुक आणि विश्रांती शून्य. सुपरवायझरचं काम तसं सोपं असतं. मशीन चालू असताना मॅनेजरच्या शिव्या खायच्या आणि बंद पडलं की जरा जास्त खायच्या.

कारखान्यात एक ऑइलमन होते. पाटणकडचे, पन्नाशी कधीच उलटलेले, घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहणारे. शेड उभी राहिली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, ते बारा मशिनांना तेल आणि ग्रीस देत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती इथेच काढायची, मग गावी जायचं, एवढाच त्यांचा बेत होता, आणि तो कुणी मोडेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ऑइलमनची जागा आमच्याकडे सगळ्यात खालची समजत. ज्याला दुसरं काही येत नाही त्याच्या हातात तेलाचा डबा द्यायचा, अशी पद्धत. नवीन असताना मीही तेच समजत होतो. मी त्यांना काका म्हणायचो, आणि मी वयाने निम्मा असूनही ते मला सायेब म्हणायचे.

काकांची कामाची तऱ्हा आधी माझ्या डोक्यात जायची. ग्रीस आत जाण्यासाठी मशीनला जागोजागी हरभऱ्याएवढी टोकं असतात, त्यांना निप्पल म्हणतात. काका प्रत्येक निप्पल आधी कॉटन वेस्टने पुसायचे आणि मगच त्याला ग्रीस गन लावायचे. एकदा मी म्हटलं, एवढं काय पुसताय, लग्नाला न्यायचंय का? त्यांनी माझा हात पुढे ओढला. हातातली चिंधी माझ्या अंगठ्यावर घासली. पत्र्याचा बारीक चुरा होता, चांगलाच टोचला. तो ग्रीसबरोबर आत गेला असता तर वंगणाऐवजी कानस फिरली असती, हे अंगठा चोखताना माझ्या लक्षात आलं.

मग ते लांब पेचकस काढायचे, त्याचं टोक शाफ्टच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. ऐकून झालं की इथे तीन दाब, तिथे पाच. जास्त ग्रीस दिलं तरी मशीन तापतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एकदा स्टोअरमध्ये नेहमीचं ग्रीस संपलं आणि दुसऱ्याच कंपनीचं आलं. ग्रीस ते ग्रीस, असं मी म्हटलं. काकांनी जुनं सगळं धुऊन काढल्याशिवाय नवं घालायला साफ नकार दिला, कारण दोन जातींचं एकत्र झालं की फुटून पाणी होतं. अर्धा दिवस गेला आणि मी चरफडत बसलो. “दोन लोखंडांनी एकमेकास्नी शिवायचं न्हाई, सायेब,” ते म्हणाले, “मदी कायतरी पायजेच. ते ऱ्हातंय का न्हाई, एवढंच आपलं काम.” डिप्लोमाच्या तीन वर्षांत इतकं स्वच्छ वाक्य माझ्या कानावर पडलं नव्हतं. अकरा वर्षांत त्या शेडमध्ये एकही बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते धातूचं कडं, जळला नव्हता, आणि नेमकं म्हणूनच काकांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

पुढे आमच्या मालकांना आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र घ्यायची लहर आली. त्या वर्षांत रबाळ्यात त्याची साथच होती. शेजारच्याने गेटवर बोर्ड लावला की इकडच्याला ताप भरायचा. एक सल्लागार नेमला गेला. जे करता ते लिहा आणि जे लिहिता ते करा, असा मंत्र त्याने दिला, आणि त्यातलं लिहिणं आम्ही फार मनावर घेतलं. प्रत्येक मशीनशेजारी प्लास्टिकमध्ये मढवलेला इंग्रजी वंगणतक्ता टांगला गेला. एक जाडजूड रजिस्टर आलं. मशीन, तारीख, तेल, ग्रीस, बरोबरची खूण, सही. काका चौथी शिकलेले, तेही मराठीत, त्यामुळे रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं. पहिले आठ दिवस मी काकांच्या मागे फिरून खुणा केल्या. मग शनिवारी बसून आठवडाभराच्या करू लागलो. मग सोमवारी सकाळीच शनिवारपर्यंतच्या उरकू लागलो, म्हणजे पंचांगवाल्यांच्याही पुढे गेलो. काका तेल देतातच, हे ठाऊक असल्यामुळे आपण खोटं लिहितोय असं मला कधी वाटलं नाही. मॅनेजरनी भिंतीवर आणखी एक फलक लावला, की प्रत्येकाने डोळ्यांत तेल घालून काम करावं. मशीनमध्ये घालण्याबद्दल त्यावर काही नव्हतं.

सल्लागाराची शेवटची सूचना अशी, की वंगणाच्या जागा लांबून दिसायला हव्यात. ग्रीसची जागा लाल, तेलाची पिवळी. प्रमाणपत्रासाठीचं ऑडिट दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ठरलं होतं आणि खंडेनवमीला मशिनं धुऊनपुसून सजवायची असतातच, तेव्हा मॅनेजर म्हणाले, एका दगडात दोन पक्षी मारू, रंगच देऊन घेऊ. घणसोलीतल्या एका रंगाऱ्याला काम दिलं. त्याच्या बापाची भातशेती जिथे होती तिथे आता कारखाने होते. तो माणूस मात्र हात राखून काम करणारा नव्हता. त्याच्यावर देखरेख करायचं काम माझं होतं, आणि मी ते केबिनमध्ये बसून, फायली नीट लावत केलं. चार दिवसांत मशिनं पोपटी झाली. प्रत्येक निप्पलवर त्याने लाल ऑइलपेंटचे दोन हात दिले. तेलाच्या वाट्यांची झाकणं पिवळी केली, तेही दोन हात. पुढे मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मना सांगला, लाल ठिपके मार. मी मारले.” यात खोट काढायला जागा नव्हती.

वंगण कुठे द्यायचं ते आता पार रस्त्यावरून दिसत होतं. ते आत जायला वाट तेवढी उरली नव्हती. निप्पलच्या टोकात एक बारीक गोळी असते. गनचा दाब आला की ती मागे सरते आणि ग्रीस आत शिरतं. रंग वाळला की ती गोळी जागच्या जागी चिकटून बसते आणि ग्रीस बाजूने ओघळून खाली पडतं. काकांना आधी वाटलं, गन बिघडली. त्यांनी ती उघडून धुतली, वॉशर बदलला, आणि मग नखाने लाल रंग खरवडून पाहिला.

खंडेनवमीची पूजा थाटात झाली. थोरलीला झेंडूचे चार हार, आंब्याची डहाळी, हळदकुंकू, पुढ्यात नारळ. मालक सहकुटुंब आले होते. ज्या निप्पलमधून चार दिवस कणभर ग्रीस गेलं नव्हतं त्याच्यावर मालकीणबाईंनी आणखी कुंकू लावलं. आरती झाली, पेढे वाटले गेले, आणि काका पेढा हातात घेऊन माझ्याजवळ आले. “सायेब, लाल ठिपक्यातनं ग्रीस आत जात न्हाई. समदं खरवडावं लागंल,” ते म्हणाले.

मी थोरलीकडे पाहिलं. दाराशीच ती नव्या नवरीसारखी उभी होती. परदेशातून येणारा गोरा ऑडिटर आत शिरला की त्याची पहिली नजर तिच्यावरच पडणार होती. शिवाय मॅनेजरना सांगावं तर ते पहिला प्रश्न विचारणार, की रंगारी रंग देत असताना तू काय करत होतास? मी म्हटलं, लहान मशिनांचं खरवडा, ती मागे आहेत. थोरलीला ऑडिट होईपर्यंत हात लावू नका.

“मग तिला तवर बंद तरी ठिवा.”

मी हसलो. गोरा साहेब येणार आणि थोरली बंद? दसऱ्यानंतर कारखाना सुरू झाला तेव्हा काका ब्लेड आणि रॉकेलची वाटी घेऊन अकरा मशिनांखाली वाकून बसले होते. थोरली पोपटी अंगाने धडधडत होती आणि येता-जाता मी तिच्या अंगाला हात लावून बघत होतो. गरम लागत होती. मशीन चालणार म्हणजे गरम होणारच, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

ऑडिटर आला. उंच, घामाघूम आणि अतिशय सभ्य माणूस. रजिस्टर पाहून तो खूष झाला. एकही रकाना रिकामा नाही, एकही खूण वाकडी नाही. असं रजिस्टर खरं तेल देणाऱ्या माणसाला कधी जमत नाही, पण हे त्याला कोण सांगणार? थोरलीसमोर उभं राहून त्याने लाल ठिपक्यांची तारीफ केली. मॅनेजर थंड पेयाची व्यवस्था बघायला पुढे गेले होते. ऑडिटरला काका दिसले. कागद झाले, आता माणसाला विचारू, असं तो म्हणाला, आणि तो प्रश्न मी काकांना मराठीत सांगावा अशी त्याने विनंती केली. प्रश्न साधा होता. या मशीनला तुम्ही रोज ग्रीस देता का?

मी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि सावकाश, समजेल असं म्हणाले, “त्यास्नी सांगा, म्या देतो, पर आत जात न्हाई. रंग बसलाय. हे मशीन आज बंद करायला पायजे.”

ऑडिटर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, “येस सर, डेली.”

एवढं इंग्रजी घणसोलीतल्या कोंबड्यांनाही येत होतं. काकांना तर अकरा वर्षं झाली होती. ते गन उचलून मागच्या मशिनांकडे गेले. ऑडिटरने वहीत लिहिलं, की ऑइलमनशी बोललो, वंगण रोज दिलं जातं, समाधानकारक. संध्याकाळी मालकांनी सगळ्यांना श्रीखंडपुरी दिली. मी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला थोरलीने आवाज बदलला. एरवीच्या ठोक्याआधी एक लांब, दाबलेला कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. काका शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. ते हात वर करून धावत आले, पण ते बटणापर्यंत पोचायच्या आत ती अर्ध्या ठोक्यात अडकली. बुशाच्या घरावर पोपटी रंगाचे फोड येऊन फुटले आणि जळका धूर पसरला. वर फ्लायव्हीलचं जड चाक हिसका खाऊन थांबलं. कुणाचा हात खाली नव्हता हे नशीब. उघडल्यावर दिसलं, की आतला बुश शाफ्टला वितळून चिकटलाय आणि शाफ्टवर नखभर खोल चरे पडलेत. दोन लोखंडं एकमेकाला शिवली होती, आणि कशी, ते सगळ्यांना दिसत होतं. उघडण्याचं काम माझंच असल्यामुळे मी सगळ्यात आधी ते लाल निप्पल काढलं, खिशात टाकलं आणि तिथे नवं बसवलं. माझ्या हाताने इतक्या चपळाईने केलेलं ते त्या महिन्यातलं एकमेव काम होतं.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. मालक, मॅनेजर, काका आणि मी. टेबलावर माझं रजिस्टर आणि ऑडिटरचा अहवाल ठेवला होता. प्रमाणपत्र अजून हातात यायचं होतं. रजिस्टर खोटं ठरलं तर ते येणार नव्हतं, म्हणून रजिस्टर खरं होतं. रजिस्टर खरं, तर मग बुश जळला कसा? म्हणजे ऑइलमनने हयगय केली आणि वर तोंडाने रोज देतो म्हणून सांगितलं. सगळं किती सरळ होतं. काकांनी उभ्याउभ्या जे झालं ते सांगितलं. रंग बसला हुता, म्या सायबांना सांगितलं हुतं, त्या गोऱ्या सायबालाबी सांगितलं.

मॅनेजर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मला वाट करून दिल्यासारखा भाव होता. “तू होतास ना तिथे? काय बोलला हा त्याला? टेन्शन नको घेऊ, सांग.”

खिशात निप्पल होतं. ते टेबलावर ठेवायला एक क्षण लागला असता. माझी नोकरी गेली असती का? कदाचित. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आजूबाजूला दोनशे कारखाने होते, महिनाभरात दुसरी लागली असती. काका सत्तावन्न वर्षांचे होते. हा हिशेब मला त्या केबिनमध्येही कळत होता. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून मी हे सांगत नाहीये.

मी म्हटलं, “रोज देतो म्हणाला होता, सर.”

काकांबद्दल मी एकेरीत त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

अहवालात सुधारणा म्हणून एक ओळ लिहिली गेली, की जबाबदार कर्मचाऱ्यास कमी करण्यात आले आहे. महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. ते मखमली चौकटीत, थोरलीच्या बरोबर वर लागलं. मला बढती मिळाली, वंगणाचं रजिस्टर आदर्श ठेवल्याबद्दल. लोकांनी अभिनंदन केलं आणि मी ते घेतलंही.

पण ते नंतर. काकांचा शेवटचा दिवस शनिवार होता. थोरलीला नवा शाफ्ट बसला होता आणि ती दुपारी चालू होणार होती. काकांना आता कुणी काम सांगितलं नव्हतं, सांगायचा प्रश्नच नव्हता. तरी ते ब्लेड आणि रॉकेल घेऊन आले, आणि तिच्या अंगावरचे उरलेले सगळे ठिपके एकेक करून त्यांनी खरवडले. पोपटी रंगावर पांढुरके ओरखडे उठले, दिसायला अगदी वाईट. मग त्यांनी पुसलं, ग्रीस दिलं, आणि मला जवळ बोलावून दाखवलं, कुठे तीन दाब, कुठे पाच. नवा ऑइलमन सोमवारी येणार होता. दुपारी ती चालू होऊन जरा तापल्यावर माझा हात धरून त्यांनी बुशाच्या घरावर ठेवला आणि सांगितलं, की ह्याच्यापरीस हाताला ऊन लागलं तर कुणाला इचारू नका, बंद करा.

त्यांच्या हाताला ग्रीसचा वास होता आणि तळवा खरखरीत. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी म्हटलं, “काका, माझं चुकलं.” आजूबाजूला कुणी नाही हे बघूनच म्हटलं, हेही सांगायला हवं.

त्यांनी हात पुसले. चिडलेले दिसले नाहीत. मला गणित समजावावं तसं म्हणाले, “चुकतं ते ठावं नसताना, सायेब. तुमास्नी ठावं हुतं.”

मी मान हलवली. आता ते इंग्रजीत फिरवून कुणाला सांगायचं नव्हतं.